पाचव्या चाळणीची हवा

कप पडला. कान तेवढा त्याच्या बोटात राहिला.

*

हवेतून जाणारी लाट जरा रेंगाळते. फार नाही. बाजारातून निघालेला माणूस ओळखीच्या दुकानापाशी रेंगाळावा, तेवढीच. जिथे हवा नसते तिथे ती कुणाकडे न बघता सरळ निघून जाते.

*

"बाबांना सांग, दुधाचं पातेलं झाकून ठेवायला."

"आई, बाबा तुझ्यासमोर बसलेत."

"सांग."

*

त्याच्या हातातली किल्ली कुलपाच्या भोकाच्या डावीकडे लागली. मग उजवीकडे. मग आत गेली. ती मागे पिशवी घेऊन उभी होती. तिने पाहिलं, आणि आपण पाहिलंच नाही असा चेहरा केला.

*

चार बरोबर, एक चूक.

*

आता नीट सांगायचं तर असं.

ती चाळण्या करते. पिठाच्या नाही, लाटांच्या. उपग्रहावर जमिनीवरून एकाच वेळी पुष्कळ काही पोचतं: कुणाचे फोन, कुणाच्या बातम्या, जहाजांचे निरोप. ते सगळं एकाच अँटेनातून परत खाली सोडायचं असतं. त्या वाटेवर प्रत्येक वाहिनीसाठी एक चाळणी बसवतात. आपल्या वाहिनीचा पट्टा तेवढा पुढे जाऊ द्यायचा, बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावायचं. दिसायला चाळणी म्हणजे एकाला एक चिकटलेले धातूचे दोन डबे. आतून चांदीचा मुलामा, वरून स्क्रू. स्क्रू आत गेला की पट्टा खाली सरकतो, बाहेर आला की वर. चाळणीबद्दल एवढं कळलं तरी पुरे. बाकीचं कळायला तिची अर्धी हयात गेली होती.

ती आराखडा काढते. तो आराखडा तिच्या नवऱ्याकडे जातो, आणि नवरा एका हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात छोटा पाना घेऊन ती चाळणी सुरात आणतो. कारखान्यात त्याला उस्ताद म्हणतात. तिला चाळणीबाई. ही नावं कुणी ठेवली ते कुणालाच ठाऊक नाही, पण आता पाहुणेसुद्धा तीच वापरतात.

एक अडचण मात्र प्रत्येक चाळणीच्या पाचवीला पुजलेली. ती सुरात लागते जमिनीवर, हवेत. आणि राबणार तिथे, जिथे हवेचा टिपूस नाही. वर गेली की तिचा पट्टा आपोआप थोडा वर सरकतो. म्हणून जमिनीवर असतानाच तो तेवढा खाली ठेवायचा. बाई आराखडा काढते तो वरच्या जागेचा. उस्ताद आधी चाळणी बरोब्बर आराखड्यावर आणतो आणि मग, शेवटच्या फेरीत, एकेका स्क्रूला केसभर आत नेतो. त्या केसभराला दोघं नुसतं "हवा" म्हणतात. सगळ्या कामात नाजूक ते एवढंच. बाकीचं शिकवता येतं.

आणि आराखडा हातात देताना ती म्हणते, "हवा तुझी."

तो म्हणतो, "हवा माझी."

पहिल्या चाळणीपासून हे चालत आलेलं. तेव्हा लग्नही झालं नव्हतं. लग्नात एकमेकांना काय काय कबूल केलं ते आता दोघांनाही धड आठवत नाही. हे मात्र चुकलेलं नाही.

चुकलेलं नव्हतं.

*

कप पडला तो सकाळी, खायच्या टेबलावर, मुलीच्या देखत. चहा त्याच्या पँटवर, फरशीवर, मुलीच्या वहीवर. तो खाली वाकून तुकडे वेचायला लागला, तर बाई म्हणाली, "दाखव हात."

"कशाला?"

"थरथरतोय. कालही कुलूप उघडेना. किती दिवस लपवणार आहेस? अरे, उपग्रहाचे स्क्रू फिरवतोस तू, खराटा नाही फिरवत."

खराट्यापर्यंत जायला नको होतं. जीभ एकदा घसरली की पायासारखी सावरता येत नाही. त्याने कपाचा तुटलेला कान टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू तोही फुटेल.

"झालं बोलून?"

त्यानंतर तो बोलला नाही. मग तीही बोलली नाही. आधी कोण बोलणार, या प्रश्नाला घरात शेंडा ना बुडखा. पण एकदा तो उभा राहिला की दोन शहाणी माणसं त्याच्या दोन बाजूंना टेकून बसतात. घरात बोलायचं असेल ते मुलीमार्फत.

"मी काय तुमचा उपग्रह आहे?" ती एकदा वैतागून म्हणाली. "इकडून घ्या, तिकडे सोडा."

"आणि वाटेत पदरचं काही घालायचं नाही," बाबा म्हणाला. तेही मुलीला.

आईला हसू आलं होतं. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

*

त्याच दिवसांत ग्राहकाने एक वाहिनी बदलून मागितली. चार चाळण्या झाल्या होत्या, पाचवी नव्याने करावी लागली. बाईने आराखडा काढला आणि स्वतः त्याच्या टेबलापाशी नेऊन दिला. तो चष्मा पुसत होता. तिने कागद ठेवला. उभी राहिली. त्याने चष्मा पुसायचा थांबवून पुन्हा पुसायला घेतला. काचेवर तेव्हा काहीही नव्हतं.

शब्द दोनच होते. तिने वाट पाहिली, त्यानेही पाहिली असेल. मग ती निघून गेली.

*

आणि आता टाकी.

टाकी म्हणजे खोलीएवढं आडवं पिंप. पाचही चाळण्या बसवलेलं उपग्रहाचं पॅनेल आत ठेवायचं, झाकण लावायचं, आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. जमिनीवर बसून आकाशाची रंगीत तालीम. बाहेरच्या पडद्यावर पाच चाळण्यांच्या पट्ट्यांचे पाच आलेख, सपाट माथ्याचे पाच डोंगर. प्रत्येकाभोवती एक चौकट. हवा जाईल तसे डोंगर उजवीकडे सरकत होते आणि आपापल्या चौकटीत बसत होते.

"बसा रे बाळांनो आपापल्या जागी," टाकीवाला म्हणाला. टाकी चालवता चालवता त्याला तिच्यातल्या वस्तूंशी बोलायची खोड लागली होती. "पहिला बसला. दुसरा बसला. शाबास. तिसऱ्या, धक्काबुक्की नाही करायची. चौथा... आणि हे पाचवे महाराज कुठे निघाले?"

पाचवा कुठेच निघाला नव्हता. तो थांबला होता. चौकटीच्या डाव्या भिंतीला खांदा लावून, अर्धा आत, अर्धा शेजाऱ्याच्या अंगणात.

"अजून हवा असेल आत," बाई म्हणाली.

"बाई, आत आता कुणाचा उसासासुद्धा नाही."

"तापमान बघ."

"पाचही एकाच तापमानात आहेत."

"केबल?"

"केबलने एवढा मोठा डोंगर अडतो होय?" टाकीवाला तिच्याकडे बघायचं टाळून म्हणाला. मग आवाज उतरवून, "उस्तादांना बोलावू?"

तिच्या डोळ्यांपुढे आली ती चाळणी नाही. किल्ली आली, डावीकडे लागणारी, उजवीकडे लागणारी. स्क्रू जागेवर आणल्यावर एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने त्याच्यावरचा लॉकनट आवळायचा असतो. धरणारा हात जरा जरी हलला, तरी स्क्रू नटाबरोबर फिरतो. किंवा नट अर्धाच आवळला जातो, आणि पुढे कधीतरी सुटतो.

"नको," ती म्हणाली. "मी सांगते त्याला."

म्हणाली खरी. कशी सांगणार होती?

*

प्रकल्पाचा प्रमुख आला. त्याला पाठीमागे घड्याळ म्हणत, कारण त्याचं वाक्य कुठूनही निघालं तरी तारखेपाशी जाऊन टोले देई.

"पॅनेल सोमवारी बंद करायचंय," त्याने पडद्याकडे बघण्याआधी सांगितलं. मग बघितलं. "हे काय?"

गुणवत्ता तपासणाऱ्या बाई त्याच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांना भिंग म्हणत. त्या हळू बोलायच्या, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं.

"आराखड्याची पद्धत पाचही चाळण्यांना तीच," भिंग म्हणाल्या. "चार बरोबर, एक चूक. आराखडा चुकला असता तर पाचही वाकड्या आल्या असत्या. मग राहतो स्क्रू."

"स्क्रू आपोआप हलतात का?" घड्याळाने विचारलं.

"नीट आवळलेले नाही हलत."

पंप एकसुरात घरघरत होता.

"मला कुणाबद्दल वावगं बोलायचं नाही," भिंग म्हणाल्या, आणि अशी सुरुवात झाली की पुढे काय येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, "पण कॅन्टीनमध्ये त्यांच्या हातून चहा सांडताना मी पाहिलाय. एकदा नाही."

घड्याळाने बाईकडे पाहिलं. नवऱ्याबद्दल बायकोसमोर बोलायचं म्हणजे माणूस आधी खाकरून घेतो. तो खाकरला.

"दुपारी बैठक घेऊ. त्यांनी हात लावलेली आधीची पॅनेलंही उघडावी लागतील. आणि तोवर उडणाऱ्या कुठल्याही भागाला त्यांनी हात लावायचा नाही."

"तोवर म्हणजे?"

"मॅडम," घड्याळ जरा मऊ आवाजात म्हणालं, आणि त्या वाक्यात त्याने तारीख घातली नाही, त्यावरूनच तिला कळलं. "ते तुम्हीच समजून घ्या."

*

तिने पाचवा डोंगर मोजला. मोजायचं काही कारण नव्हतं. डोळ्यांनी दिसत होतं. पण हाताला काही काम नसलं की ती मोजते.

तो आपल्या जागेपासून साडेतीन मेगाहर्ट्झ आणि वर थोडं, एवढा खाली होता.

तिने पुन्हा मोजलं.

स्क्रू सुटला तर तो कितीही सुटतो. पाव, अर्धा, पाऊण. सुटण्याला काही माप नसतं. आणि डोंगराचा आकार मोडतो, एक खांदा खाली येतो, माथा वाकडा होतो. हा डोंगर सुबक होता. उस्तादाच्या हातच्या कुठल्याही डोंगरासारखा गुळगुळीत, सरळ माथ्याचा. आहे तसा उचलून कुणी डावीकडे ठेवावा तसा. आणि किती डावीकडे? बरोबर एका हवेइतका.

तिने आपलाच आराखडा उघडला.

ती विसरली होती असं नाही. आठवायची वेळच आली नव्हती. पाचव्या चाळणीचा आराखडा करताना तिच्या मनात सारखा तो कपाचा कान होता. केसभर फिरवायची ती शेवटची फेरी, प्रत्येक स्क्रू पुन्हा सैल करायचा, केसभर आत न्यायचा, पुन्हा आवळायचा, ती त्याच्या हाताला नको, असं तिला वाटलं. म्हणून तिने आराखडाच एका हवेइतका खाली उतरवून दिला. पट्टाच नवा, त्यामुळे त्यातला हा बदल दुसऱ्या कुणाला दिसायचं कारण नव्हतं. देताना सांगणार होती, "या खेपेला हवा माझी." मग चष्मा पुसणं आलं, वाट बघणं आलं.

तो आकडे बघत नाही. तो आकार बघतो. त्याने चाळणी आराखड्यावर आणली, आणि मग नेहमीप्रमाणे, कुणी न सांगता, शेवटची फेरी केली. भिंग यांनीही तपासताना नेहमीएवढीच हवा राखलेली पाहिली आणि सही केली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. एक हवा दोनदा काढली गेली होती.

*

त्या दुपारी तिने न बोललेली वाक्यं, ज्या क्रमाने आली त्या क्रमाने:

मी सांगते त्यांना. लगेच.

उडणाऱ्या भागाचा आराखडा न कळवता बदलला, याला काय शिक्षा असते ते मला माहीत आहे. ती मीच एकाला दिली होती.

गप्प बसले तर काय होईल? त्याचे स्क्रू जातील.

स्क्रू गेले तर तो डॉक्टरकडे जाईल. मला तेच तर हवं होतं ना?

भल्यासाठीच.

भल्यासाठीच तर आराखडा उतरवला होता, बाई.

*

बैठकीची खोली पंपाच्या खोलीला लागून होती. टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी सारखं शहारत होतं. उस्ताद आधीच येऊन बसला होता, हात टेबलाखाली. ती समोर बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण अबोल्यात शेजारी बसायचं नसतं.

घड्याळाने पडद्यावर पाचवा डोंगर लावला. काय झालं ते सांगितलं. सांगताना तो दोनदा म्हणाला, "कुणावर ठपका ठेवायचा नाहीये."

उस्ताद डोंगराकडे बघत राहिला. एखाद्या बापाला शाळेत बोलावून पोराची खोडी दाखवावी, तसा.

"ही माझ्याच हातची," तो म्हणाला.

"ते आम्हाला माहीत आहे. प्रश्न असा की—"

"नट माझ्याकडून सैल राहिला असेल." त्याने हात टेबलावर ठेवले, दोन्ही, पालथे, पेल्याच्या दोन बाजूंना. "हल्ली हाताचं काही खरं नाही. बायको म्हणाली होती मला. मी ऐकलं नाही."

इतक्या दिवसांत तो तिच्याबद्दल पहिल्यांदा काही बोलला, ते हे. आणि बोलला पुन्हा दुसऱ्यालाच.

भिंग यांनी मान खाली घातली. घड्याळाने सुस्कारा सोडला, त्यात सुटकाही होती. कबुली मिळाली की चौकशी लवकर आटोपते. "ठीक आहे. उस्ताद, तुम्ही एवढी वर्षं... तुमच्या जागेचं आपण काहीतरी बघू. शिकवायचं काम आहे, कागदावरचं काम आहे. सोमवारपर्यंत—"

"हवा कुणाची होती?"

सगळे तिच्याकडे वळले. तिचा आवाज तिला स्वतःलाच चढा वाटला. ती घड्याळाशी बोलत नव्हती.

उस्तादाने तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "माझी."

"काढलीस?"

"न काढायला काय झालं? नेहमी काढतो."

"मीही काढली."

आता त्याने पाहिलं.

"काय?"

"आराखड्यातच. आधीच उतरवून दिला होता. शेवटची फेरी तुला करायला लागू नये म्हणून."

"सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? तू चष्मा पुसत होतास!"

"मग तू बोलायचं होतंस!"

"मी का आधी बोलू?"

"हे काय चाललंय?" घड्याळ म्हणालं.

"तू थांब रे जरा," उस्ताद प्रमुखाला म्हणाला, आणि आपण कुणाला काय म्हणालो हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. "सर. सॉरी सर."

तिने उठून पडद्यावर बोट ठेवलं, आणि सगळं सांगितलं. आकार मोडलेला नाही. अंतर एका हवेइतकं आहे. चूक हाताची नाही, तिची आहे. सांगताना तिला वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही.

भिंग यांनी चष्मा सारखा केला. "मॅडम, राग मानू नका. पण हे तुम्ही त्यांनी कबूल केल्यावर सांगताय."

"हो."

"नवऱ्याला वाचवायला कुणीही सांगेल."

"आराखडा बघा. उतरवलेला आहे."

"आराखडा उतरवलेला असेलही. म्हणून नट आवळलेले होते हे सिद्ध होत नाही. दोन्ही असू शकतं." त्या हळूच म्हणाल्या. "टाकी उघडून एकेक नट बघू. एक जरी सैल निघाला, तरी ते पुन्हा स्क्रूला हात लावणार नाहीत. सगळे घट्ट निघाले, तर मी माझे शब्द मागे घेईन."

"टाकी उघडायची म्हणजे सोमवार—" घड्याळ म्हणालं, आणि कुणीच त्याच्याकडे बघत नाही हे पाहून थांबलं.

*

घरी जाताना दोघं एकाच बसमध्ये होते. ती खिडकीशी, तो शेजारी. बोलले नाहीत, पण आता ते वेगळ्या तऱ्हेचं न बोलणं होतं. उतरताना तो म्हणाला, "एखादा निघाला सैल, तर?"

"नाही निघणार."

"तुला काय माहीत? तुला तर खराटा दिसत होता हातात."

ती पुढे चालायला लागली.

मुलीने दार उघडलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बाबांना सांगू का काही?"

"गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

*

सकाळी टाकीत हवा सोडलेली होती. झाकण बाजूला. पांढरे अॅप्रन, टोप्या, हातमोजे. त्या वेषात सगळे सारखेच दिसतात, आणि तरी कोण घाबरलंय ते डोळ्यांवरून कळतंच. उस्ताद मागे, भिंतीशी उभा होता, हात पाठीमागे बांधून. त्याला पॅनेलजवळ यायची परवानगी नव्हती.

भिंग यांनी आवळायचा पाना हातात घेतला. तो ठरलेल्या जोराला टक् असं वाजतो. नट घट्ट असेल तर तो न हलता पाना वाजतो. सैल असेल तर पाना वाजायच्या आधी नट फिरतो.

पहिला नट.

टक्.

दुसरा. टक्.

टाकीवाला आज कुणाशीच बोलत नव्हता, पॅनेलशीसुद्धा नाही.

टक्.

तिला वाटलं होतं, आपल्याला खात्री आहे. खात्री डोंगराच्या आकारावर होती, आणि आकार खोटं बोलत नाही. पण प्रत्येक वेळी पाना नटावर बसला आणि वाजायच्या आधीचा तो एवढासा वेळ आला, की किल्ली डावीकडे लागायची. उजवीकडे लागायची.

टक्.

मागच्या बाजूचा नट अडचणीत होता. तिथे हात वाकडा घालावा लागतो. सरळ हातालाही तिथे घाम फुटतो. भिंग गुडघ्यांवर बसल्या. पाना घातला. दाबला.

काही वाजलं नाही.

त्यांनी पाना काढला. भिंतीपाशी कापडाची सळसळ झाली. उस्तादाने हात पुढे घेऊन एकमेकांत घट्ट धरले होते.

"पाना नीट बसला नव्हता," भिंग म्हणाल्या, आणि पुन्हा घातला.

टक्.

पुढचे सगळे वाजले. शेवटचाही. भिंग उठल्या, गुडघे झटकले, मग सरळ भिंतीकडे गेल्या. "उस्ताद, मी शब्द मागे घेते." आणि जरा थांबून, "चहाचे तेवढे नाही घेत. तो सांडला होता."

"कॅन्टीनचा चहा होता," उस्ताद म्हणाला. "प्यायच्या लायकीचा कुठे असतो?"

टाकीवाला हसला. घड्याळ हसलं नाही. ते बाईला जरा बाजूला घेऊन म्हणालं, "पुढच्या उपग्रहापासून तुमचा प्रत्येक आराखडा दुसरं कुणीतरी तपासेल. आणि प्रमुख आराखडाकार म्हणून तुमचं नाव यात राहणार नाही. मला हे करावं लागेल."

"कळलं."

"हे पॅनेल मात्र सोमवारी—"

"होईल."

*

हवेत मोजली तर पाचवी चाळणी दोन हवांइतकी खाली होती. एक हवा परत द्यायची होती. म्हणजे प्रत्येक नट सैल करायचा, प्रत्येक स्क्रू केसभर बाहेर, पुन्हा आवळायचा. ती शेवटची फेरी, उलट्या दिशेने. आणि सगळ्यांच्या देखत.

तो बसला. स्क्रूड्रायव्हर उचलला. खोलीतल्या सगळ्या नजरा त्याच्या मनगटावर होत्या, आणि त्याला ते ठाऊक होतं, म्हणून मनगटही अवघडलं. त्याने हात खाली घेतला. बोटं उघडली, मिटली. पुन्हा वर नेला.

थांबला.

"आराखडा कुठलाय?" त्याने मान न वळवता विचारलं.

ती त्याच्या मागे उभी होती. "नवा. वरचाच. उतरवलेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

तरी तो थांबूनच होता. टाकीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, घड्याळाने भिंग यांच्याकडे. कुणालाच कळेना की हा कशाची वाट बघतोय.

"हवा तुझी," ती म्हणाली.

"हवा माझी."

स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत गेलं. पहिल्या झटक्यात, सरळ, डावीउजवीकडे कुठेही न लागता. त्याने नट सैल केला, स्क्रू केसभर बाहेर घेतला, आणि धरून ठेवून आवळला. पडद्यावरचा डोंगर किंचित उजवीकडे सरकला. ती पडदा बघून सांगत होती, "अजून. अजून जरा. बस. पुढचा." आणि तो म्हणत होता, "घाई करू नकोस." आणि ती म्हणत होती, "मी कुठे करतेय?" आणि तो म्हणत होता, "बोलतेयस तेवढी तरी बोल सावकाश." त्या सकाळी त्या खोलीत नवराबायकोत जेवढं बोलणं झालं, तेवढं घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मग झाकण लागलं. पंप सुरू झाला. पाच डोंगर उजवीकडे निघाले.

"बसा रे बाळांनो," टाकीवाला म्हणाला.

पाचवा सगळ्यांत शेवटी, चौकटीच्या मधोमध येऊन बसला.

"डॉक्टरकडे जाईन," उस्ताद तिला म्हणाला, पडद्याकडे बघत. "पण तू म्हणालीस म्हणून नाही."

"माझ्यामुळे असं नको म्हणूस. जा म्हणजे झालं."

*

कपाचा कान आधीच तडकलेला होता. कप पडायच्या आदल्या आठवड्यात, घासताना, नळाला आपटून, तिच्या हातून.